चालक : स्वतः

सव्वीस वर्षं मी दावे नाकारले.
फोर्टातल्या तिसऱ्या मजल्यावर, हिरव्या शाईने,
समासात दोनच शब्द : अट भंग.
माणसं टेबलापलीकडे उभी राहत,
हातात चेपलेल्या दारांचे फोटो,
आणि मी त्यांना कलम वाचून दाखवी
बाटलीवरचा डोस वाचावा तसं.

निवृत्तीनंतर गाडी शिकले, एकसष्टाव्या वर्षी.
भाचीच्या रिसेप्शनला टॅक्सीने जायचं नाही
हे तेव्हाच ठरलं होतं.
दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली,
पांढरी, आधीच्या कुणाच्या तरी अत्तराचा वास असलेली.
अनामत दहा हजार. करार अकरा पानी.
अकराही पानं वाचणारी या शहरात बहुधा मीच एकटी.
पान आठ :
नोंदवलेल्या चालकाखेरीज अन्य कुणी वाहन चालवल्यास
विमासंरक्षण संपुष्टात.

संपुष्टात.
हा शब्द मी किती वेळा टाइप करवून घेतला असेल.

लोअर परळला हॉलच्या कमानीखाली
एक मुलगा धावत आला, दार उघडलं, हात पुढे केला.
मागे सात गाड्या, सातांचे हॉर्न,
नारायणपेठीचा पदर सीटबेल्टात अडकलेला,
आणि अनंता भावजी पायरीवरून ओरडतायत,
"वहिनी, द्या की हो किल्ली, पळून का जातोय तो?"

दिली.
बदल्यात कागदाचा कपटा, नंबर चारशे सतरा.
मागच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत :
वाहनाच्या नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार नाही.
तिकडे पान आठ, इकडे हा कपटा,
आणि या दोन कागदांच्या मधून
कुणाचीच नसलेली एक गाडी
तळघर तीनकडे उतरत गेली.
वळणावर लाल दिवे एकदा उजळले, बस.

भाची छान दिसत होती, म्हणे.
मी कोशिंबीर दोनदा वाढून घेतली.
खाल्ली का, ते आठवत नाही.
वन्संनी जवळ येऊन विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"
त्यांना काय सांगणार, की खाली कुठेतरी
माझी सव्वीस वर्षं रिव्हर्स घेतायत.

साडेदहाला गाडी वर आली. हळू. फारच हळू.
मुलगा उतरला, पण किल्ली देईना.
"मॅडम, खांबाला लागली. डावीकडे, मागे.
बी नऊचा खांब. माझीच चूक."
शर्टावर नावाची पट्टी : हर्षल भोईर.
"सुपरवायझरला अजून सांगितलं नाहीये.
आधी तुम्हाला."

वीतभर ओरखडा. मी बोट फिरवून पाहिलं.
टेबलापलीकडून असं कधी कुणी बोललं नव्हतं.
गाडी तर उभीच होती, मॅडम.
कुत्रं आडवं आलं, मॅडम.
ठोकणारा कायम अज्ञात, कायम पसार.
त्या वाक्यांची मला फार चीड होती.

"लायसन्स आहे?"
"आहे ना," म्हणत त्याने खिशाकडे हात नेला.
मी बघायला मागितलं नाही.
पन्नासची नोट आधीच मुठीत काढून ठेवली होती,
ती तरीही पुढे केली.
घ्यावी की नाही ते त्याला कळेना,
द्यावी की नाही ते मला.
या गोंधळात कपटा परत घ्यायचा राहिला त्याचा.

सकाळी ॲपवर फॉर्म उघडला.
ठिकाण. वेळ. चालकाचं नाव.
इथे हात थांबेल असं वाटलं होतं.
थांबला नाही.
स्वतः.
घटनेचं वर्णन : गाडी मागे घेताना अंदाज चुकला.
एकसष्टीची बाई, नवी शिकलेली,
कोण शंका घेणार?

चौथ्या दिवशी अनामत आली, दोन हजार कापून.
हे मी त्या मुलासाठी केलं
की उरलेल्या आठ हजारांसाठी,
हे मला अजून नीट सांगता येत नाही.
फाइल माझ्याच टेबलावर आली असती
तर समासात काय लिहिलं असतं
ते मात्र सांगता येतं.

पर्समध्ये सुटे पैसे शोधताना
चारशे सतरा अधूनमधून हाताला लागतो.